उत्तरेकडून फोन येत नाहीत

उत्तर टोकाच्या ओस्लँड गावची ॲम्ब्युलन्स बंद करायची, असं काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, पाच निवडून दिलेल्या कमिशनरांनी अजून ठरवलं नव्हतं; ठरवत आणलं होतं. आमच्याकडे या दोहोंत एका जाहीर सुनावणीचं अंतर असतं, आणि त्या सुनावणीला कुत्रंसुद्धा फिरकत नाही. सप्टेंबरात मका वाळत आला की मार्लोत, दक्षिणेकडच्या मुख्य गावी, कोर्टाच्या इमारतीत पाचही जण पुढच्या वर्षाचा खर्च मांडतात, कुणाला काही बोलायचंय का असं रिकाम्या खुर्च्यांना विचारतात, खुर्च्या गप्प राहतात आणि सगळं मंजूर होतं. मग हिवाळ्यात कराचं बिल हातात पडलं की हीच न फिरकलेली माणसं धान्यकोठाराच्या कचेरीत फुकटची कॉफी पीत काउंटीच्या नावानं बोटं मोडतात.

आर्डिस ट्वेटला हे सुनावणीच्या आधी कळलं, कारण कमिशनरांचा अध्यक्ष ड्वाइट केसल स्वतः तिला सांगायला आला. माणूस वाईट नव्हता. दक्षिणेकडच्या जर्मन घरातला, हिशेबाला चोख, आणि वाईट बातमी पाठीमागून न देता तोंडावर द्यावी असं मानणारा. ओस्लँडच्या शेडमध्ये आर्डिस गाडीतले प्राणवायूची नळकांडी तपासत होती. गेली वीस वर्षं ती या गाडीवर होती. पगार नाही, नुसता भत्ता, तोही पेट्रोलला पुरेल न पुरेल इतका. वय एकसष्ट, उंची बेताची, आवाज मात्र दोन शेतांपलीकडे जाणारा.

ड्वाइटनं टोपी काढली आणि सरळ सांगून टाकलं.

"अरे पण जमिनीचे भाव केवढे वाढलेत," आर्डिस म्हणाली. "काउंटीकडे पैसा नाही कसा?"

"सगळ्यांना हेच वाटतं. भाव दुप्पट झाले तरी कर दुप्पट घेता येत नाही, राज्यानं वर झाकण घातलंय. वर्षाला ठरावीक तेवढीच वाढ, वर एक पैसा नाही. अन् खडी बघ कितीला झालीय. दोन पूल खचलेत. तुरुंग आपला नाही, कैदी शेजारच्या काउंटीत ठेवायचे अन् त्यांचं भाडं आपण भरायचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

मग शेरिफच्या गाड्या कमी करा, असं आर्डिसनं सुचवलं. ड्वाइटनं नकारार्थी मान हलवली. शेरिफ, कोर्ट, तुरुंग, रस्ते हे कायद्यानं द्यावंच लागतं. त्यातलं काही कापलं तर काउंटीलाच कोर्टात उभं करतील. ॲम्ब्युलन्स त्या कायद्यात नाही. दिली तर दिली.

"म्हणजे चोराला खाट द्यायलाच हवी, अन् मरणाऱ्याला नाही दिली तरी चालतं."

"कायदा मी नाही लिहिला, आर्डिस." ड्वाइट टोपी हातात फिरवत राहिला. "अन् खरं सांगू का, उत्तरेकडून फोनच येत नाहीत. मार्लोची गाडी रोज धावते. तुझी गाडी वर्षभरात किती वेळा निघाली? त्यातही निम्म्या वेळा शाळेच्या सामन्यांना नुसती उभी राहायला. आता मला सांग, मी कुठली काढू?"

तो खोटं बोलत नव्हता.

फोन येत नव्हते हे खरं. दुखणी येत नव्हती असं मात्र नव्हतं. आमच्या उत्तरेकडच्या लोकांची ही खोड पणजोबांपासूनची, समुद्रापलीकडून बोटीत बसून आले तेव्हा त्यांनी ट्रंकांबरोबर ती पण आणली. कुणाला त्रास द्यायचा नाही. घराला आग लागली तरी शेजाऱ्याला आधी विचारायचं, जेवणं झाली का तुमची. ॲम्ब्युलन्स बोलवायची म्हणजे चार माणसांना कामावरून उठवायचं, भोंगा वाजवत गावातून जायचं, सगळ्यांनी पडदे सारून बघायचं. त्यापेक्षा आपला ट्रक काढावा आणि गुपचूप चाळीस मैल मार्लोच्या दवाखान्यात जावं.

हे तिच्या घरातच घडलं होतं. गेल्या हिवाळ्यात तिचा नवरा ऑर्विन गुरांच्या पाण्यावरचा बर्फ फोडत होता आणि त्याच्या छातीत कळ आली. हात बधिर झाला. त्यानं कुदळ जागेवर ठेवली, कुंपणाचं फाटक लावलं आणि ट्रक चालवत मार्लोला गेला. आर्डिस त्या वेळी शेडमध्ये होती, घरापासून दोन मैलांवर, कपडे चढवून तयार, बिनकामाची. तिला फोन आला तो दवाखान्यातून. घाबरू नकोस म्हणाला, आणि येताना माझे दुसरे बूट आण.

ते बूट घेऊन ती गेली खरी. पण तिच्या मनात जे सललं ते सललंच. वीस वर्षं तिनं लोकांचे नवरे वाचवले, आणि स्वतःच्या नवऱ्याला तिला हाक मारावीशी वाटली नाही. डॉक्टरांनी हृदयाच्या दोन नळ्यांत जाळी घातली आणि पुढच्या वेळी एक मिनिटही दवडू नका म्हणून बजावलं. आता गाडी मार्लोहून निघणार म्हणजे चाळीस मैल यायचं, चाळीस मैल जायचं, आणि त्यातला बराच रस्ता खडीचा. एवढा वेळ ऑर्विनकडे नव्हता. आर्डिसला ओस्लँडची गाडी हवी होती ती गावासाठी, हे ती सगळ्यांना सांगायची. ती आधी ऑर्विनसाठी हवी होती, हे तिनं फक्त स्वतःला सांगितलं.

ड्वाइट निघताना एक वाट सांगून गेला. झाकण काढता येतं. पाचांतल्या चार जणांनी ठराव केला तर काउंटी राज्याच्या मर्यादेवर कर लावू शकते. एकरी अर्धा डॉलर पडेल. उत्तरेचे दोन कमिशनर हो म्हणतीलच. दक्षिणेच्या तिघांतला मोटारी विकणारा मेला तरी म्हणणार नाही. राहिले जोलीन फिक आणि तो स्वतः.

"जोलीन किती खुर्च्या भरल्या ते बघून मत देते. माझं विचारशील तर, गरज नसलेल्या गोष्टीसाठी मी लोकांच्या जमिनीवर कर चढवणार नाही. गरज दाखव."

त्या रात्री जेवताना ऑर्विननं एवढंच सांगितलं, की कुणापुढे काय मांडायचं ते मांड, पण त्यात माझं नाव काढायचं नाही. आर्डिसनं बटाटे त्याच्या ताटात जरा जोरातच वाढले आणि कबूल केलं.

दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर निघाली. पहिलं घर एल्डन होव्दाचं. एल्डन म्हणजे कराचा हाडवैरी. काउंटीनं कधी नाही ते झाकण काढलं होतं, शाळेच्या रस्त्यासाठी, तेव्हा यानं घरोघर सह्या गोळा करून ठराव मतदानाला नेला आणि पाडला होता. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा जरा तिरपा बसलेला. तो कसा तुटला हे सगळ्या गावाला माहीत, आणि सगळं गाव ते माहीत नसल्यासारखं वागतं.

"सुनावणीला ये अन् तुझ्या अंगठ्याचं सांग," आर्डिस म्हणाली.

एल्डन म्हणाला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. थोडं खरचटलं होतं. गाडी दुसऱ्या कुणाला लागली असती. मग फाटकापर्यंत तिला पोचवताना मात्र तो घुटमळला. माझं सोड, म्हणाला, पण त्या ल्यूरीन ब्राटेनकडे जरा जात जा. एकटी राहते. गेल्या वर्षी कंबर मोडून स्वयंपाकघरात पडून होती, अख्खी सकाळ, टपालवाला येईपर्यंत. फोन हाताशी होता. असं कुणी करतं का?

ल्यूरीन ब्राटेन ऐंशीच्या पुढची, काठीवर चालणारी, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी. तिनं आर्डिसला कॉफी दिली, आंबट ऱ्हुबार्बच्या देठांचा केक दिला, आणि कंबरेचा विषय निघताच केकचा दुसरा तुकडा दिला. तिला काही झालं नव्हतं. जमिनीवर पडून जरा विश्रांतीच मिळाली म्हणाली. पण त्या एल्डनला कुणी तरी समजावा, बाई. कणीस तोडायच्या यंत्रात अंगठा गेला, आणि हा वेडा तो अंगठा पावाच्या पिशवीत घालून, गाडी एका हातानं चालवत मार्लोला गेला. वाटेत डिझेल भरायला थांबला. डिझेल भरायला!

आर्डिसनं अशी दहाबारा घरं केली. सगळीकडे तीच तऱ्हा. स्वतःचं विचारलं की तोंडाला कुलूप, आणि निरोप घेताना फाटकाशी उभं राहून शेजाऱ्याचं सगळं बाहेर. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, दुसरं काय. पण या वाकून बघण्यात माया होती, हे नाकारता येणार नाही. आर्डिस आधी चिडली. तिसऱ्या दिवशी घरी येताना ट्रकमध्ये ती एकटीच हसायला लागली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आता तिचं मागणं वेगळं होतं. एल्डनला ती म्हणाली, तू तुझ्याबद्दल एक अक्षर बोलू नकोस. पण ल्यूरीन स्वतः कधी मागायची नाही, तिच्यासाठी तरी ये. ल्यूरीनला म्हणाली, एल्डन मरेल पण बोलणार नाही, त्याच्यासाठी कुणी तरी बोलायला हवं. कोण कुणासाठी येणार आहे हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सरळ बोटानं तूप निघत नव्हतं, म्हणून तिनं बोट वाकडं केलं, आणि त्याची तिला काडीची लाज वाटली नाही.

सुनावणीच्या दिवशी कोर्टाच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. पहिली रांग तेवढी रिकामी, कारण चर्च असो की कोर्ट, पहिल्या रांगेत बसणं म्हणजे मिरवणं. ऑर्विन दाराशी भिंतीला टेकून उभा राहिला. ड्वाइटनं एवढी माणसं बघितली आणि चष्मा पुसला. जोलीन फिकनं तर लगेच खुर्च्या मोजल्या.

हिशेब वाचून झाले. शेरिफ, तुरुंगाचं भाडं, खडी, पूल, कारकुनांचे पगार. मग ड्वाइटनं विचारलं, कुणाला काही बोलायचंय का?

कुणाला नव्हतं. उत्तरेकडची सगळी माणसं आपापल्या बुटांकडे बघत बसली. कुठं तरी घसा खाकरला गेला आणि तोही माफी मागितल्यासारखा.  आर्डिस स्वतः उठली असती, पण ती गाडीवरची. तिचं बोलणं म्हणजे गवळणीनं आपल्या दह्याला गोड म्हणणं. मोटारी विकणाऱ्या कमिशनरनं घड्याळ पाहिलं. ड्वाइटनं समोरचे कागद गोळा केले.

तेव्हा एल्डन होव्दा उठला. टोपी छातीशी धरून म्हणाला, "मला काही नको. मी ठणठणीत आहे. पण ही ल्यूरीन इथं बसलीय, हिची कंबर मोडली होती अन् ही बाई अख्खी सकाळ फरशीवर पडून होती. टपालवाला आला तर त्याला आधी म्हणते, कॉफी गार झालीय, माफ कर. अशा माणसांना गाडी जवळ लागते. दूरची गाडी ही बोलावणारच नाही."

ल्यूरीन लालेलाल झाली. काठी टेकत उभी राहिली. तिच्या आयुष्यात ती मोठ्यानं बोलली असेल ती तेव्हाच.

"यानं माझं सांगावं! यानं! अध्यक्ष, याचा अंगठा विचारा. पावाच्या पिशवीत घालून नेला यानं. सीटवर रक्ताचं तळं, आणि वाटेत डिझेल भरलं, वर पैसे द्यायला आत गेला."

"पैसे कार्डानं बाहेरच दिले," एल्डन पुटपुटला.

खोलीत हशा पिकला आणि त्या हशानं बांध फुटला. मागून कुणी तरी उठून आपल्या भावाचं सांगितलं. भावानं उठून त्याचं सांगितलं. एका बाईनं दिराचा मेंदूचा झटका काढला, जो दिरानं उन्हाचा त्रास म्हणून झोपून घालवला होता. दीर तोंड वाकडं करून म्हणाला, आणि हिनं बाळंतपणाला स्वतः गाडी चालवत नेली, कळा येताना रस्त्याच्या कडेला थांबायची, ते नाही सांगत. काउंटीची कारकून लिहिता लिहिता थकली. रागानं, शरमेनं, एकमेकांवर उखडत उत्तरेकडचं सगळं गाव त्या दिवशी उघडं पडलं. आर्डिस भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती, हसून की कशानं हे तिलाही सांगता आलं नसतं.

सगळे दमून खाली बसल्यावर ड्वाइट बोलला. त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती.

"तुमचं सगळं ऐकलं. पण एक विचारतो. तुम्ही आपापले दवाखान्यात पोचलात, आणि आज सगळे इथं बसलायत. गाडी होती तेव्हा तुम्ही बोलावली नाही. उद्या ठेवली तर बोलावणार, हे मी दक्षिणेच्या लोकांना कशाच्या बळावर सांगू? बोलावत नाही त्या गाडीचे पैसे त्यांनी का भरायचे?"

 प्रश्न रास्त होता. बोलून बोलून गरज सिद्ध झाली होती, पण त्यांची खोडही सिद्ध झाली होती. एल्डननं टोपी पुन्हा डोक्यावर घातली, आणि जोलीन फिकनं पेनाचं टोपण लावलं. आर्डिसला वाटलं, संपलं.

"मी बोलावणार," दाराशी आवाज आला.

ऑर्विन ट्वेट भिंत सोडून पुढे आला होता. तो सगळ्यांमधून चालत पहिल्या रांगेपर्यंत आला, रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. तीस वर्षांच्या संसारात आर्डिसनं त्याला चार माणसांपुढे बोलताना पाहिलं नव्हतं.

"माझ्याबद्दल बोलतोय," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाबद्दल नाही. मला हिवाळ्यात झटका आला अन् मी ट्रक चालवत आलो. वाटेत दोनदा डोळ्यांपुढे अंधार आला. शाळेची बस समोरून येत होती. मी तिला कसं चुकवलं ते मला आठवत नाही. हे मी घरी सांगितलेलं नाही." तो थांबला. आर्डिसकडे त्यानं पाहिलं नाही. "उन्हाळ्यापासून पुन्हा दुखतंय. दर चार-आठ दिवसांनी. मी घाबरलोय. मला मरायचं नाहीये, ड्वाइट, अन् चाळीस मैलांवरची गाडी मला वाचवणार नाही. मला ती गाडी ओस्लँडला पाहिजे. माझ्या जमिनीवर काय कर लावायचा तो लावा."

आमच्याकडे कुणी 'मला पाहिजे' असं म्हणत नाही. जेवायला वाढतानासुद्धा तीनदा नको म्हणायचं आणि मग घ्यायचं, ही रीत. त्या खोलीतल्या प्रत्येकाला ते शब्द अंगावर आल्यासारखे वाटले. ल्यूरीननं हात पुढे करून ऑर्विनची बाही धरली आणि त्याला त्या पहिल्या रांगेत खाली बसवलं. मग स्वतःही शेजारी बसली.

"मीही बोलावीन," ती म्हणाली. "स्वतःसाठी."

 एल्डन उठून पहिल्या रांगेत जाऊन बसला, एवढंच.

ठराव मांडला गेला. उत्तरेच्या दोघांनी हो म्हटलं. मोटारी विकणाऱ्यानं नाही म्हटलं. जोलीन फिकनं खुर्च्यांकडे पाहिलं आणि हो म्हटलं. अध्यक्षाचं मत शेवटी असतं. ड्वाइट केसलनं समोरच्या तीन माणसांकडे पाहिलं.

"एकरी अर्धा डॉलर," तो म्हणाला. "मला माझ्या गावात कॉफीला कुणी बसू देणार नाही. हो."

विरोध असेल त्यानं मुदतीत सह्या गोळा करून ठराव मतदानाला न्यावा, असं वाचून दाखवावं लागतं, ते कारकून बाईनं वाचलं. मोटारी विकणाऱ्यानं आशेनं एल्डनकडे पाहिलं. एल्डननं तिरपा अंगठा वर करून दाखवला, म्हणाला यात हल्ली पेन नीट बसत नाही.

परतताना आर्डिसनं ट्रक चालवला. ऑर्विननं किल्ली मागितली नाही. मार्लो मागे पडलं, डांबर संपून खडी लागली. तिला आनंद व्हायला हवा होता आणि तो होतही होता, पण त्याच्या तळाशी शाळेची बस होती, आणि उन्हाळ्यापासूनचे ते चार-आठ दिवस.

"तू मला का नाही बोलावलंस?" शेवटी ती म्हणाली. "हिवाळ्यात. मी दोन मैलांवर होते. सगळ्या जगाला त्रास द्यायचा नसतो, समजू शकते. पण मी काय जग आहे का?"

ऑर्विन खिडकीबाहेर बघत होता. 

"फोन केला असता तर तूच आली असतीस."

"मग?"

"तूच माझ्या छातीवर हात ठेवून दाबत बसली असतीस. अन् मी नसतो वाचलो तर? तू वीस वर्षं लोकांची माणसं आणलीस, आर्डिस. जी नाही वाचली, त्या रात्री तू कशी असतेस ते मी बघतो. मला तुझ्या त्या गाडीत मरायचं नव्हतं."

आर्डिसनं ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला आणि थांबवला. तिला समोरचं दिसेना. इतके महिने तिला वाटत होतं की त्याचा तिच्यावर भरवसा नाही. तिनं त्याचा हात घेतला, आणि बोटं आपसूक त्याच्या मनगटावर नाडी शोधत गेली. ऑर्विननं हात काढून घेतला नाही.

"ऐक," ती म्हणाली. "पुढच्या वेळी मीच येणार आहे. दुसऱ्या कुणाला पाठवणार नाही. अन् तू वाचलास तरी मीच असेन, नाही वाचलास तरी मीच असेन. ते माझं मी बघीन. तू फक्त फोन कर."

ऑर्विननं मान हलवली. पण मान हलवण्यावर आर्डिस आता ऐकणार नव्हती.

"तोंडानं बोल."

"करीन," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, अवघडत, कुणी शिकवलेला नवा शब्द म्हणून बघावा तसं म्हणाला, "आत्ताही थोडं दुखतंय."

आर्डिसनं ट्रक वळवला आणि पुन्हा मार्लोच्या रस्त्याला लावला. एका हातानं तिनं कामावरचा, नेहमी जवळ असणारा बिनतारी फोन उचलला आणि ओस्लँडची गाडी मागून बोलावली.